भरल्या चेहऱ्याची मुलगी

वैशाखरे, ता. मुरबाड
एप्रिल १९९९

प्रिय जगदीश,

नुसतं नाव लिहिलंय म्हणून दचकू नका. लग्नानंतर नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यातच, असं आमच्याकडे आहे, तुमच्याकडेही असणारच. अजून सरळ घेता येतंय तोवर एकदा घेऊन टाकावं म्हटलं. 'प्रिय'वर मात्र बराच वेळ अडले. आपण आजवर दोनदा भेटलो, एकदा बघण्याच्या वेळी आणि एकदा साखरपुड्याला, आणि दोन्ही वेळा मी खाली मान घालून बसले होते. एवढ्या ओळखीवर कुणाला प्रिय म्हणायचं का? पण ज्याला सगळं खरं सांगावंसं वाटतंय तो प्रियच असला पाहिजे, नाहीतर परीक्षेचा पेपर लिहावा तशी पानांमागून पानं मी कशाला लिहीत बसले असते? पत्र गावच्या घरी न पाठवता भातसानगरला, धरणावरच्या नोकरीतल्या तुमच्या खोलीवर पाठवतेय. तुमच्या आईंच्या हातात आधी पडू नये, एवढ्याचसाठी. वाचून झालं की कुणाला दाखवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते, पण तसं काही नाही. विहिरीचा तळ दिसायला लागलाय. तुमच्या धरणातलं पाणी मुंबईला जातं आणि आम्ही इथे कळशी खरवडून भरतो, हे एकदा तुमच्या साहेबांना सांगा माझ्या वतीने. सिद्धगडाच्या बाजूला रानाला आग लागली होती, दोन दिवस धूर दिसत होता. माझी धाकटी बहीण भाविका दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आणि दिवसभर माझ्या लग्नातल्या साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसते. तिला वाटतं, आता पुढचा नंबर तिचा. म्हणून ती माझ्यावर सध्या फार माया करते.

मला दुखणं आहे. सर्दीतापासारखं येऊन जाणारं नाही. दोन वर्षांमागे आवणीत, चिखलात रोपं लावता लावता, हातांची बोटं सुजली आणि भात कापून झाला तरी उतरली नाहीत. सकाळी उठले की मूठ वळत नसे. माझी वेणी भाविका घालून द्यायची. पाण्याचा तांब्या उचलायला दोन हात लागायचे. आईने निरगुडीचा पाला शेकला, एरंडेल चोळलं, शेजारच्या हिराबाईने जे जे सांगितलं ते सगळं करून झालं. घरात सगळ्यांना वाटायचं, पोरगी बारावी शिकली म्हणून कामाचा कंटाळा करते. मलाही अधूनमधून तसंच वाटायचं. शेवटी गेल्या श्रावणात गुडघे धरले, बालवाडीत शिकवायला जाणंही होईना, तेव्हा बाबा मला शहापूरला घेऊन गेले. तिथे दर गुरुवारी कल्याणचे एक सांध्यांचे डॉक्टर बसतात. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, की हिचं अंग स्वतःवरच उलटलंय, सांध्यांना आतून सूज आहे, ती दाबायला स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतील.

त्या गोळ्या काय होत्या म्हणून सांगू! आठवडा झाला नाही तोच मी विहिरीवरून डोक्यावर हंडा घेऊन आले. बाबा ओटीवर बसून वळचणीची काठी तासत होते, ते कोयता हातात तसाच धरून बघत राहिले. भूक तर अशी लागायची, की आई भाकऱ्या थापून थकायची आणि मी खाऊन थकायची नाही. आणि चेहरा. दिवाळीपर्यंत माझा चेहरा भरला. गाल वर आले, हनुवटी गोल झाली, रंगसुद्धा उजळल्यासारखा वाटायला लागला. विहिरीवर बायका मला थांबवून विचारायच्या, 'रंजे, काय खातेस गो? आमाला पन सांग की.' हिराबाई आमच्याकडे लग्नात धवळे गाते, तिची नजर अशा बाबतीत फार तयार. ती म्हणाली, 'आता हिचं लगीन लांब नाय. तोंडावं तेज आलंय पोरीच्या.' तो चेहरा गोळीचा आहे हे घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, माझ्याही नाही. आम्हाला वाटलं, दुखणं गेलं आणि आता खाल्लेलं अंगी लागतंय.

नेमके त्याच दिवसांत तुम्ही बघायला आलात. तुमच्या आईंनी माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, दाराच्या उजेडाकडे वळवलं आणि तुमच्या कमळूमामांना म्हणाल्या, 'पोर भरल्या अंगाची हाय. आवणीला दम टिकंल हिचा.' बाजारात बैल बघतात तसंच की हे, असं मनात आलं, पण राग नाही आला. कारण तेवढ्यात मी चोरून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही ओशाळून पोह्यांच्या बशीत बघत होतात आणि कान लाल झाले होते. तो माणूस मला तिथल्या तिथे आवडला. मग मामांकडून निरोप आला, मुलाला मुलीचा चेहरा फार आवडला. आई तो निरोप वाडीभर सांगत सुटली. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, पुढचे काही दिवस आरशासमोर जरा जास्तच उभी राहिले. माझ्या चेहऱ्याला कुणी चांगलं म्हणावं असं त्याआधी कधी झालं नव्हतं हो. तुम्ही पाठवलेला तुमचा फोटो मी बालवाडीच्या कपाटात, चित्रांच्या तक्त्यांमागे ठेवलाय. घरी ठेवला असता तर भाविकाने हाताळून हाताळून पुसून टाकला असता.

मार्गशीर्षात साखरपुडा झाला आणि पुढच्याच गुरुवारी डॉक्टर म्हणाले, आता गोळी उतरवायची. एकदम सोडायची नाही, पायरीपायरीने, दर काही दिवसांनी थोडी थोडी कमी. बाबांनी विचारलं, चांगला गुण आलाय तर बंद कशाला? तेव्हा त्यांनी सांगितलं, की ही गोळी सूज दाबते खरी, पण जास्त दिवस राहिली की हाडं पोखरते, रक्तात साखर वाढवते, डोळ्यांवर येते. मग माझ्याकडे वळून सहज बोलावं तसं म्हणाले, 'चेहऱ्याची सूजसुद्धा उतरेल, काळजी करू नको.' चेहऱ्याची सूज! मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे. परत येताना किन्हवली गेली, सरळगाव आलं, तरी बाबा खिडकीबाहेरच बघत होते. मुरबाडच्या स्टँडवर उतरल्यावर ते म्हणाले, 'आईला आत्ताच नको सांगू.' पण आईला कळायचं ते कळलंच. बाबांना पोटात काही ठेवता येत नाही.

गोळी कमी व्हायला लागली तसे पेटके सुरू झाले. आमच्याकडे त्याला वांब येणं म्हणतात. पोटरीत एकदम गोळा येतो, आतलं मांस कुणी ओलं धुणं पिळावं तसं पिळतं, पायाची बोटं एकमेकांवर चढतात आणि मग ओरडायलाही श्वास उरत नाही. चालता चालता येतो, बसल्या बसल्या येतो. भाकरी थापताना तळहात आखडून जातो आणि पीठ परातीत तसंच राहतं. एकदा बालवाडीत फळ्यावर बदक काढत होते, खडूसकट बोटं वळून गेली, सुटेचनात. मुलांना वाटलं, बाई हाताचा मोर करून दाखवतायत. तीही सगळी बोटं वाकडी करून मोर मोर म्हणत नाचायला लागली. मी त्यांच्याबरोबर हसले, आणि मग दाराआड जाऊन डाव्या हाताने उजव्या हाताचं एकेक बोट सोडवलं. डॉक्टर म्हणतात, असं होतं. इतके महिने बाहेरून मिळत होतं म्हणून अंग आतलं स्वतःचं औषध बनवायचं विसरलंय, ते पुन्हा बनवायला लागेपर्यंत त्रास होणार. पाणी पी, केळी खा, चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या देतो त्या घे, आणि काही झालं तरी आपल्या मनाने गोळी वाढवू नको की सोडू नको. सांगायला त्यांचं काय जातं! इथे राबाचे दिवस. सगळं घर शेत भाजायला पाला आणि फांद्या गोळा करायला रानात जातं आणि मी ओटीवर पाय पसरून कोंबड्या हाकते. बाबा संध्याकाळी भारा टाकतात, माझ्या पायांकडे एकदा बघतात आणि आत जातात. त्या बघण्याने मला वांबापेक्षा जास्त दुखतं.

चेहरा उतरला. नुसता पूर्वीसारखा झाला असता तर मी तक्रार केली नसती, पण पूर्वीपेक्षाही ओढला गेला. केस विंचरताना हातात यायला लागले, डोळ्यांखाली काळं आलं. साखरपुड्याच्या वेळी तुमच्या आईंनी मापाला माझा एक ब्लाउज नेला होता. तो भरल्या दिवसांतला. त्या मापाने त्यांनी लग्नाचे ब्लाउज शिवून पाठवले, मोठ्या हौसेने, बाह्यांना सोनेरी काठ लावून. मी एक घालून पाहिला तर खांद्यावरून घसरून कोपरावर आला. भाविका हसली. आईने सुईदोरा घेतला आणि दारात उजेडाला बसून बाजू आत घेत राहिली. त्याच आठवड्यात मामांचा निरोप आला, की होळीला तुमच्या आई साखरेची गाठी घेऊन सुनेला बघायला येणार.

त्यानंतर काही दिवसांनी माझे वांब अचानक थांबले. अंगात हुशारी आली. मला वाटलं, सुटले एकदाची. फक्त सकाळचा चहा कडू लागायचा, इतका कडू की जिभेवरून जाता जात नसे. आई म्हणायची, 'पत्ती जास्त पडली गो,' आणि गूळ आणखी घालायची. गाल पुन्हा वर यायला लागले तेव्हा मला शंका आली. एका सकाळी लवकर उठून चुलीजवळ गेले तर आई वाटीत गोळ्या ठेवून फुलपात्राच्या बुडाने कुटत होती. मी फेकलेलं रिकामं पाकीट तिने पदराला बांधून मुरबाडच्या बाजाराला नेलं होतं. वाचता येत नाही तिला. औषधाच्या दुकानात पाकीट दाखवलं आणि म्हणाली, अशाच दे. मी ओरडले. ती माझ्याहून मोठ्याने ओरडली, 'लगीन होईस्तवर गो! मंग उतरू दे तुजं तोंड. मागं भाविका हाय. तुजं मोडलं तं तिला कोन विचारंल?' आणि मग तिथेच, राखेत पाय पसरून, रडायला लागली. माझ्या आईला तुम्ही पाहिलंय. अंगावर म्हैस आली तरी जागची हलायची नाही अशी बाई. मला तिचा संताप आला आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. तिच्या समजुतीने तिने मला बरं केलं होतं. चेहरा भरला म्हणजे माणूस बरं झालं, हे आमच्याकडे सगळ्यांनाच असं पक्कं वाटतं. त्यात तिचं एकटीचं काय चुकलं?

तुमच्या आई होळीला आल्या. गाठी माझ्या गळ्यात घातली, पुन्हा हनुवटी धरली आणि म्हणाल्या, 'तशीच हाय हो पोर.' माझ्या आईने पदर तोंडाला लावला. मी त्यांच्या पाया पडले तेव्हा मला वर उठता येऊ नये असं वाटत होतं. त्या चांगल्या आहेत, जगदीश. मला जवळ बसवून त्यांनी विचारलं, मटण चालतं का, तिखट किती लागतं, उन्हाळी पापड येतात का. अशा बाईला फसवून तिच्या घरात कसं शिरायचं?

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते फार चिडले. म्हणाले, असं वरखाली केलंस तर एखादे दिवशी चक्कर येऊन पडशील आणि उठणार नाहीस. आता पुन्हा वरच्या पायरीपासून उतरायचं. तेव्हा बाबांनी, माझ्या गरीब बाबांनी, टोपी हातात घेऊन विचारलं, 'साहेब, लगीन हाय तिचं. लग्नापत्तुर वरच ठेवता येईल का?' डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, मुलीला विचारा. मी म्हटलं, उतरवा. बाबा टोपी डोक्यावर ठेवून बाहेर जाऊन उभे राहिले. तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते, चहाचा कप माझ्यापुढे ठेवते आणि माझ्या देखत त्यातला एक घोट स्वतः पिते.

म्हणजे आता वांब पुन्हा सुरू झालेत, पूर्वीपेक्षा जोरात, आणि चेहरा पुन्हा उतरलाय. लग्नाच्या दिवशी पाटावर जी बसेल ती तुम्ही पसंत केलेली मुलगी दिसणार नाही. तुमच्याकडची माणसं कुजबुजतील. आवणीला तिचा दम टिकेल की नाही, मला शपथेवर सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात, गोळी सुटली की वांब जातील, पण सांध्यांचं दुखणं जन्माचं आहे, ते कधी झोपेल, कधी उठेल. नाही म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, मी तुम्हाला कधीही नावं ठेवणार नाही. फक्त माझ्या आईला फसवी म्हणू नका आणि माझ्या दुखण्याचं कारण चारचौघांत देऊ नका. गुण जुळत नाहीत म्हणा, तुम्हाला दुसरी आवडली म्हणा, वाटेल ते म्हणा. नाहीतर लोक भाविकाचीही बोटं तपासतील.

इतकं सगळं असूनही मी हे पत्र लिहिणार नव्हते. चेहऱ्यावर जाणारा माणूस असेल तर असेल, मांडवात कळेल तेव्हा कळेल, असं मनाला बजावून बसले होते. पण परवाच्या गुरुवारी शहापूरच्या स्टँडवर मी बाकावर बसले होते, बाबा औषधं आणायला गेले होते, आणि माझ्या डाव्या पोटरीत वांब आला. पिशवी हातातून पडली, केळी खाली पसरली. लोक बघत राहिले. तेवढ्यात समोरून एक माणूस धावत आला, काखेत कागदाचं पुडकं. ते बाकावर टाकून खाली उकिडवा बसला, जराही न लाजता माझी टाच एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने पायाची बोटं वर दाबली. म्हणाला, 'दम धरा ताई, आता सुटंल. आमच्या धरनावं पान्यात उतरनाऱ्यांना लय येतात.' सुटेपर्यंत त्याने पाय सोडला नाही. ते तुम्ही होतात. मी तुम्हाला बघताक्षणी ओळखलं. तुम्ही माझ्या तोंडाकडे चांगलं दोन-तीनदा पाहिलंत, केळी गोळा करून दिलीत, तुमच्या बाटलीतलं पाणी पाजलंत. कुठल्या तुमी, म्हणून विचारलंत. वैशाखऱ्याकडची, एवढंच माझ्या तोंडून निघालं. तुम्ही असे खूश झालात! लगेच पुडक्याची दोरी सोडलीत, छापखान्यातून नुकत्या आणलेल्या पत्रिकांमधली वरची काढलीत आणि माझ्या हातात ठेवलीत. 'म्हंजे माज्या सासरवाडीच्याच तुमी! मंग यायचं लग्नाला, ताई. नक्की या.' आणि गाडी लागली म्हणून पळालात. तुमच्या नावाशेजारी माझं नाव आहे तिच्यावर, लाल अक्षरात. इतक्या मायेने माझा पाय आजवर कुणी धरला नव्हता, आणि इतकी परकी मी कुणाला कधी वाटले नव्हते. बाबा आले तेव्हा मी रडत होते, त्यांना वाटलं वांबानेच. तेव्हापासून ती पत्रिका घेऊन मी घरात हिंडतेय आणि मला दुसरं काही सुचत नाही. तुम्ही मला लग्नाला बोलावलंय, जगदीश. मी येऊ का, तेवढं कळवा.

तुमचीच,
रंजिता